मक्याची माणसं आणि जमिनीचे कागद

आपल्याकडे शिक्षकदिन ५ सप्टेंबरला, राधाकृष्णन यांच्या वाढदिवशी. फुलं, भेटकार्डं, दहावीच्या मुलींनी साड्या नेसून घेतलेले तास, मग शिक्षकखोलीत चहा आणि बटाटेवडा. तीसेक वर्षं मी हा सोहळा अनुभवला. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला म्हणून एक देश आहे, तिथला शिक्षकदिन २५ जूनला असतो. तो कुणाचा वाढदिवस नाही. १९४४ साली त्या दिवशी राजधानीच्या रस्त्यावर मारिआ चिंचिया नावाच्या मास्तरीणबाई लष्कराच्या गोळ्यांनी मेल्या.

ही तारीख वाचनात आली आणि मी या देशाच्या मागे लागले. आम्ही शाळेत जो जगाचा इतिहास शिकवला त्यात अमेरिका म्हणजे कोलंबस, बोस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा आणि अब्राहम लिंकन. मेक्सिकोच्या खाली आणि पनामाच्या वर काय आहे हे पुस्तकात नव्हतं आणि मुलांनीही कधी विचारलं नाही. नकाशात तो भाग इतका चिंचोळा की देशांची नावं समुद्रात छापावी लागतात!

वाचत गेले तसं एक लक्षात आलं. या देशाचा इतिहास सनावळीने लावायला गेलं तर डोकं चक्रावतं, इतके हुकूमशहा येतात आणि जातात. पण दोनच प्रश्न हातात धरले की वाट सापडते. जमीन कुणाच्या नावावर? आणि तिच्यावर राबायचं कुणी? दर पन्नास-शंभर वर्षांनी कुणीतरी नवा कागद घेऊन येतं, कागदावरची भाषा बदलते, शिक्का बदलतो, आणि डोंगरातला माणूस होता तिथेच, पण आणखी थोडा वर सरकलेला.

आधी थोडा भूगोल, त्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ग्वाटेमाला आकाराने महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. उत्तरेला पेतेनचं सपाट, घनदाट जंगल. मध्ये आणि पश्चिमेला ज्वालामुखींचे उंच डोंगर, त्यांच्या कुशीत थंड हवेची पठारं. दक्षिणेला पॅसिफिकच्या काठची काळी, सुपीक पट्टी. २०१८ च्या जनगणनेत जवळजवळ ४४ टक्के लोकांनी आपण मूळनिवासी आहोत असं नोंदवलं, आणि त्यातले बहुतेक माया. माया म्हणजे एक जमात नव्हे. किचे, काक्चिकेल, केक्ची, माम, इशिल अशा बावीस माया भाषा या एका देशात बोलल्या जातात, आणि एकीची बोलणारी बाई दुसरीच्या बाजारात गेली तर तिला खुणांनी बोलावं लागेल इतकं काहींत अंतर आहे. उरलेल्यांपैकी बहुतेक लादिनो, म्हणजे स्पॅनिश बोलणारे, मिश्र वंशाचे किंवा तसं मानून घेणारे.

खुद्द देशाचं नाव यांतल्या कुठल्याच भाषेतलं नाही. स्पॅनिश लोक मेक्सिकोतून आले तेव्हा त्यांच्याबरोबर मेक्सिकोतलेच त्लाश्काला सैनिक होते. त्यांच्या नाहुआत्ल भाषेत या मुलखाला जे म्हणत, म्हणजे ‘पुष्कळ झाडांची जागा’, त्याचा अपभ्रंश म्हणजे ग्वाटेमाला. किचे या शब्दाचा अर्थही पुष्कळ झाडं असाच सांगतात. म्हणजे अर्थ घरचा, पण नाव पाहुण्यांच्या पाहुण्यांनी ठेवलेलं.

पेतेनच्या जंगलात मायांची मोठी नगरं होती. एल मिरादोर हे त्यांतलं फार जुनं, ख्रिस्तपूर्व काळातलं. तिथला ला दांता नावाचा पिरॅमिड सत्तर मीटरच्या आसपास उंच आहे. तिकाल त्यानंतरचं, इसवी सन २५० ते ९०० या काळात भरभराटीला आलेलं. २०१८ मध्ये विमानातून लेझर किरण सोडून पेतेनची पाहणी झाली, तेव्हा झाडीखाली दडलेली साठ हजारांहून जास्त बांधकामं दिसली: घरं, रस्ते, शेतांचे बांध, पाण्याचे कालवे. जंगल म्हणून आपण ज्याकडे बघतो ती एके काळी गजबजलेली वस्ती होती.

शून्याची खूण मायांनी स्वतंत्रपणे वापरली, हे भारतीयांना सांगितलं की आधी भुवया उंचावतात. असो, शून्यावर आपली एकट्याची मक्तेदारी नाही हे मान्य करायला हरकत नसावी. मला त्याहून जास्त आवडते ती त्यांच्या शिलालेखांची गोष्ट. कितीतरी वर्षं मोठमोठे अभ्यासक म्हणत होते की या दगडांवर फक्त पंचांग आहे, ग्रहताऱ्यांची गणितं आहेत, माणसांचा इतिहास नाही. तात्याना प्रोस्कुर्याकॉफ नावाची रशियात जन्मलेली, अमेरिकेत वाढलेली बाई, शिक्षणाने वास्तुरचनाकार, पिएद्रास नेग्रास या ग्वाटेमालातल्या अवशेषांची चित्रं काढता काढता तारखा जुळवत बसली. तिला दिसलं की दगड गटागटाने उभे आहेत आणि प्रत्येक गटातल्या तारखांचा पल्ला साधारण एका माणसाच्या आयुष्याएवढा आहे. म्हणजे हे राजांचे जन्म, राज्यारोहण, मृत्यू! १९६० साली तिने हे छापलं. युरी क्नोरोझोव्ह या रशियन अभ्यासकाने १९५२ पासून अक्षरांचे उच्चार उलगडायला सुरुवात केलीच होती. मुक्या समजल्या गेलेल्या लोकांचा लेखी इतिहास असा आपल्या डोळ्यांदेखत वाचला गेला.

तिकालमधला शेवटचा तारीख घातलेला दगड इसवी सन ८६९ चा. त्यानंतर दक्षिणेकडची ही नगरं ओस पडत गेली. दुष्काळ, आपसातली युद्धं, थकलेली जमीन, अशी अनेक कारणं सांगतात. पण ‘माया नाहीसे झाले’ असं जे मासिकांत छापून येतं ते चूक. नगरं गेली, माणसं राहिली. ती डोंगरात मका पेरत होती.

मक्याबद्दल थांबून सांगायलाच हवं. किचे लोकांचा ‘पोपोल वुह’ नावाचा ग्रंथ आहे. त्यात देवांनी माणूस घडवण्याचे प्रयत्न केल्याची कथा आहे. चिखलाचा माणूस विरघळला. लाकडाचा माणूस चालला-बोलला, पण त्याला काळीज नव्हतं. शेवटी मक्याच्या पिठाचा माणूस जमला, आणि ते आपले पूर्वज. जुनी चित्रलिपीतली पुस्तकं स्पॅनिश राजवटीत नष्ट झाली, तेव्हा १५५० च्या दशकात काही किचे सरदारांनी ही कथा नव्याने शिकलेल्या रोमन अक्षरांत, पण आपल्याच भाषेत लिहून काढली. पुढे दीडशे वर्षांनी, १७०० च्या सुरुवातीला, फ्रान्सिस्को शिमेनेस या पाद्र्याने तिची नक्कल केली आणि स्पॅनिश भाषांतर शेजारी लिहिलं. मूळ हस्तलिखित कुठे गेलं कुणास ठाऊक. नक्कल आज शिकागोच्या एका ग्रंथालयात आहे. जिंकणाऱ्याचीच अक्षरं घेऊन आपलं जपणं, ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते.

आणि हा मका ते नुसता दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, मग पाट्यावर वाटून त्याच्या तोर्तिया, म्हणजे पातळ भाकऱ्या थापतात. चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, चुना मात्र नेला नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पुढे पेलाग्रा नावाचा रोग झाला. डोंगरातल्या बायकांना जे ठाऊक होतं ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

१५२४ साली पेद्रो दे आल्व्हाराडो हा कोर्तेसचा सरदार मेक्सिकोतून खाली उतरला. त्याच्या आधी चारेक वर्षं युरोपातला साथीचा रोग येऊन गेला होता, घरंच्या घरं रिकामी झाली होती. आल्व्हाराडोने किचे लोकांची राजधानी जाळली, त्यांच्या राजांना जिवंत जाळलं. शेजारच्या काक्चिकेल लोकांनी, किचेंशी जुनं वैर म्हणून, त्याला मदत केली होती. त्याच वर्षी सोन्याची मागणी इतकी वाढली की तेही इशिमचे हे आपलं नगर सोडून रानात पळाले आणि कित्येक वर्षं लढत राहिले. घरच्या भांडणात परक्याची मदत घेतली की काय होतं हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

पण एक गोष्ट पुस्तकं घाईने ओलांडतात. सगळे माया १५२४ मध्ये जिंकले गेले नाहीत. पेतेनमधल्या सरोवरात बेटावर इत्सा लोकांचं राज्य होतं, ते पडलं मार्च १६९७ मध्ये. म्हणजे आपल्याकडे जिंजीला राजाराम महाराजांच्या किल्ल्याभोवती मोगलांचा वेढा पडला होता, तोपर्यंत तिकडे एक स्वतंत्र माया राजा नांदत होता! पावणेदोनशे वर्षं. ही काही एका लढाईत संपलेली गोष्ट नव्हे.

स्पॅनिश अमदानीच्या तीनशे वर्षांवर मी फार रेंगाळत नाही. इथे मेक्सिकोसारख्या चांदीच्या मोठ्या खाणी नव्हत्या. संपत्ती म्हणजे माणसांचे हात. सुरुवातीला विजेत्या सरदारांना गावंच्या गावं बहाल झाली, म्हणजे त्यांचा वसूल आणि त्यांची मेहनत. बार्तोलोमे दे लास कासास या पाद्र्याने त्याविरुद्ध आयुष्यभर लिहिलं. १५४२ मध्ये राजाने कायदे थोडे सौम्य केले. तरी वेठ राहिलीच, पाळीपाळीने इतके दिवस साहेबाच्या शेतावर. राजधानी एकदा चिखलाच्या लोंढ्यात गेली (१५४१), एकदा भूकंपात (१७७३), शेवटी १७७६ मध्ये आजच्या जागी आली. एक मात्र झालं. माया गावांना सरकारी मान्यतेची सामूहिक जमीन मिळाली, त्यांच्या नावाचे कागद झाले. कर दे, वेठ दे, पण गावाचं रान गावाचं. हे कागद लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जपले.

१८२० मध्ये तोतोनिकापान गावात कराविरुद्ध उठाव झाला. आतानासिओ त्झुल हा किचे पुढारी काही आठवडे तिथला राजा होता. मग फौज आली. हे गाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

पुढच्याच वर्षी, १५ सप्टेंबर १८२१ ला, स्वातंत्र्य. त्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. स्वातंत्र्य का जाहीर करायचं, तर लोकांनी स्वतःच ते करून टाकलं तर त्याचे परिणाम भयंकर होतील, ते टाळण्यासाठी! इतका प्रामाणिक जाहीरनामा मी दुसरा वाचला नाही. सही करणारे अंमलदार, पाद्री, जमीनदार. पुढे दोन वर्षं मेक्सिकोच्या साम्राज्यात, मग पाच प्रांतांचं संघराज्य, मग यादवी. त्यातून राफाएल कारेरा हा सामान्य घरातला, लिहितावाचता न येणारा गडी बंडखोर शेतकऱ्यांच्या पाठिंब्यावर वर आला आणि १८६५ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर राहिला. तो सनातनी, चर्चचा कैवारी. सुधारक त्याला रानटी म्हणत. पण त्याच्या काळात माया गावांच्या जमिनींना त्या मानाने कमी हात लागला.

सुधारक आले १८७१ मध्ये, आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते. आम्हा मराठी शाळेतल्या शिक्षकांना सुधारक या शब्दाबद्दल जिव्हाळा असतो. आगरकर, लोकहितवादी डोळ्यांपुढे येतात. हुस्तो रुफिनो बार्रिओस हाही रस्ते, तारायंत्र, रेल्वे, धर्मनिरपेक्ष शाळा यांचा पुरस्कर्ता. पण त्याला हे सगळं उभं करायचं होतं कॉफीच्या पैशावर. तोवर देशाची मुख्य निर्यात होती निवडुंगावरच्या किड्यापासून काढलेला लाल रंग, आणि युरोपात रासायनिक रंग निघाल्यावर त्याला कुणी विचारेना. कॉफीला डोंगरउतार हवा आणि तोडणीला हजारो हात हवेत. उतार होते गावांच्या सामूहिक मालकीचे. १८७७ मध्ये एका कायद्याने अशा जमिनी खाजगी नावावर करायची वाट मोकळी झाली, आणि त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने मजुरांची सक्ती. मळेवाल्याने मागणी करायची, जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने गावावर इतके मजूर अशी आकारणी करायची. उचल द्यायची, ती वहीत लिहायची, वही मालकाकडे. उचल फिटत नसे, बापाची मुलावर येई. पेटीतले जुने कागद घेऊन लोक कचेरीत गेले तर तिथे नवा छापील नमुना होता, स्पॅनिशमध्ये.

उत्तरेकडच्या आल्ता व्हेरापास भागात जर्मन मळेवाले आले आणि केक्ची लोकांची जमीन त्यांच्याकडे गेली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांतल्याच एकाने तिथे वेलदोडा लावून पाहिला. हो, आपला वेलदोडा, मूळचा सह्याद्रीच्या दक्षिण टोकाच्या जंगलांतला. तो इतका मानवला की ग्वाटेमाला जगातला वेलदोड्याचा सर्वात मोठा निर्यातदार झाला. पिकवणारे केक्ची स्वतः तो जवळजवळ खात नाहीत. बराचसा अरब देशांच्या कॉफीत जातो. वेलदोड्याचा व्यापार करणाऱ्याला म्हणूनच या देशाचं नाव आमच्या इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा चांगलं माहीत असतं.

मग आली केळी. एस्त्रादा काब्रेरा या हुकूमशहाच्या काळात (१८९८ ते १९२०) युनायटेड फ्रूट या अमेरिकी कंपनीला जमिनी, करमाफी आणि रेल्वे मिळाली. पुढे कॅरिबियन किनाऱ्यावरचं मुख्य बंदर, तिथे जाणारी एकमेव आगगाडी, बोटी, सगळं तिच्या हातात. लोक तिला ऑक्टोपस म्हणत.

१९३१ मध्ये होर्गे उबिको सत्तेवर आला. स्वतःला नेपोलियनसारखा समजणारा. त्याने १९३४ मध्ये मजुरांचं पिढीजात कर्ज रद्द केलं, म्हणून त्याचं कौतुकही झालं. लगेच दुसरा कायदा केला: ज्याच्याकडे पुरेशी जमीन नाही त्याने वर्षाला शंभर ते दीडशे दिवस मजुरी केल्याची नोंद खिशातल्या वहीत दाखवायची, नाहीतर तो भटक्या ठरून तुरुंगात किंवा रस्त्याच्या कामावर. म्हणजे कर्जाची वही गेली आणि हजेरीची आली. सरकारी माध्यमिक शाळासुद्धा त्याने लष्करी शिस्तीखाली आणल्या.

१९४४ च्या जूनमध्ये विद्यापीठातले विद्यार्थी उठले आणि त्यांच्या मागे शिक्षक, ज्यांची पगारवाढीची साधी मागणी होती. २५ जूनला काळे कपडे घालून स्त्रियांचा मोर्चा निघाला. मारिआ चिंचिया त्यात होत्या; वय पस्तिशीच्या आतबाहेर. घोडदळाने गोळीबार केला. आठवड्याभरात, १ जुलैला, उबिकोने राजीनामा दिला. तेरा वर्षं ज्याच्यापुढे कुणी मान वर करत नव्हतं तो हुकूमशहा! अर्थात त्यांच्या एकटीच्या मरणाने सगळं घडलं असं नाही. जगभर हुकूमशाहीविरुद्धच्या युद्धाचं वारं होतं, शेजारच्या एल साल्वादोरमधला हुकूमशहा मे महिन्यातच गेला होता. पण ठिणगी ती.

२० ऑक्टोबरला तरुण लष्करी अधिकारी आणि नागरिक यांनी उरलेली राजवटही उलथली, आणि निवडणुकीत प्रचंड मतांनी निवडून आला कोण, तर एक मास्तर. हुआन होसे आरेव्हालो, शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक, शालेय पुस्तकं लिहिलेला, अर्जेंटिनात शिकवत होता तिथून बोलावून आणलेला. त्याने सामाजिक विमा सुरू केला (१९४६), कामगार कायदा केला (१९४७), आणि गोलाकार बांधणीच्या नव्या शाळा उभारल्या, मध्ये मोकळी जागा आणि भोवती वर्ग. मला त्या शाळांचे फोटो बघताना हेवा वाटला. १९४५ च्या घटनेने सक्तीची मजुरी गेली. निरक्षर पुरुषांना मत मिळालं, साक्षर स्त्रियांना मिळालं, निरक्षर स्त्रियांना मात्र नाही. डोंगरातली माया बाई म्हणजे बहुधा निरक्षरच, ती बाहेरच राहिली. मास्तर झाला तरी सगळं दिसतंच असं नाही.

त्यानंतर १९५१ मध्ये हाकोबो आर्बेन्झ अध्यक्ष झाला. १७ जून १९५२ चा त्याचा कायदा, हुकूम क्रमांक ९००, हा या सगळ्या इतिहासातला एकुलता एक कागद जो उलट दिशेने गेला. ९० हेक्टरपेक्षा, म्हणजे साधारण सव्वादोनशे एकरांपेक्षा, मोठ्या मळ्यांवरची पडीक जमीन घ्यायची आणि भूमिहीनांना द्यायची. कसलेली जमीन घ्यायची नाही. मोबदला रोख्यांत, आणि किंमत मालकाने कर भरताना स्वतः जाहीर केलेली. आपल्याकडच्या १९४८ च्या कूळ कायद्याची आठवण तुमच्यापैकी पुष्कळांना येईल. कुळांकडे गेलेल्या जमिनीची हळहळ आपल्या नातेवाइकांतही मी ऐकली आहे, आणि मिळालेल्या जमिनीवर शिकलेली मुलं माझ्या वर्गातही होती. ग्वाटेमालात दीड-दोन वर्षांत एक लाखाच्या आसपास कुटुंबांना जमीन मिळाली. आर्बेन्झची स्वतःचीही जमीन त्यात गेली.

युनायटेड फ्रूटकडे साडेपाच लाख एकर होते आणि त्यांतले बहुतेक पडीक. सरकारने पहिल्या मोठ्या तुकड्याचे एकरी सुमारे ३ डॉलर देऊ केले, कारण कंपनीनेच कर चुकवण्यासाठी किंमत कमी लावली होती. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने कंपनीच्या वतीने मागितले एकरी सुमारे ७५. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस ज्या वकिली कचेरीतून आले होते तिने पूर्वी या कंपनीचं काम पाहिलेलं, आणि त्यांचे बंधू ॲलन डलेस सीआयएचे प्रमुख. आर्बेन्झच्या सल्लागारांत कम्युनिस्ट होते हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही, आणि शीतयुद्धाच्या त्या दिवसांत वॉशिंग्टनला एवढं पुरेसं होतं. पण कायदा वाचला तर तो लहान मालक तयार करण्याचा कायदा आहे, अमेरिकेनेच युद्धानंतर जपानमध्ये करवलेल्या जमीनवाटपापेक्षा काही फार जहाल नाही.

जून १९५४ मध्ये सीआयएने शस्त्रं आणि पैसे दिलेली काहीशे माणसांची फौज होंडुरासमधून आत आली. फौज किरकोळ होती. मारा केला तो विमानांनी आणि एका खोट्या रेडिओ केंद्राने, जे रोज मोठमोठ्या लढाया जिंकल्याच्या बातम्या देत होतं. लष्कराच्या अधिकाऱ्यांनी लढायला नकार दिला. २७ जून १९५४ ला आर्बेन्झने राजीनामा दिला. मारिआ चिंचियांना जाऊन दहा वर्षं आणि दोन दिवस झाले होते. देश सोडताना विमानतळावर झडतीच्या नावाखाली त्याला छायाचित्रकारांसमोर कपडे उतरवायला लावले. नव्या सरकारने जमीन परत घेतली आणि निरक्षरांचा मताधिकार काढला.

पुढचं लिहायला हात जड होतो. १९६० पासून १९९६ पर्यंत, छत्तीस वर्षं, यादवी युद्ध. डोंगरात गनिमी तुकड्या आणि समोर लष्कर, एवढंच असतं तर त्याला युद्ध म्हटलं असतं. २९ मे १९७८ ला पान्सोस या गावी केक्ची शेतकरी जमिनीच्या हक्काचं विचारायला चौकात जमले. पुढे आदेलिना काल नावाची आजी होती. सैनिकांनी गोळीबार केला, पन्नासच्या वर माणसं मेली, ती आजीही. १९८२-८३ मध्ये जनरल रिओस माँटच्या राजवटीत इशिल आणि इतर माया गावं नकाशावरून पुसायची मोहीम चालली. शेतं जाळली, उभा मका कापला. उरलेल्या गावांतल्या पुरुषांना बिनपगारी गस्तीला जुंपलं. वेठ पुन्हा आली, या वेळी हातात बंदूक देऊन, शेजाऱ्यावर रोखायला.

संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने नेमलेल्या आयोगाने १९९९ मध्ये हिशेब मांडला: दोन लाखांहून जास्त मेलेले किंवा नाहीसे केलेले, सहाशेच्या वर सामूहिक हत्याकांडं. ओळख पटलेल्यांत ८३ टक्के माया. अत्याचारांपैकी ९३ टक्के सरकारी पक्षाचे, ३ टक्के गनिमांचे. त्याआधी चर्चने असाच अहवाल २४ एप्रिल १९९८ ला प्रसिद्ध केला होता. तो करवून घेणारे बिशप हुआन खेरार्दी यांचा दोन दिवसांनी त्यांच्या घरी डोकं ठेचून खून झाला.

हत्या करणारेही नोंदी ठेवतात, हे मला समजत नाही. पण ठेवतात खरं. २००५ मध्ये राजधानीतल्या एका पडक्या इमारतीत राष्ट्रीय पोलिसांचं जुनं दप्तर सापडलं. अंदाजे आठ कोटी पानं! ओलीने चिकटलेली, उंदरांनी कुरतडलेली, जमिनीपासून छतापर्यंत रचलेली. पेशवे दप्तराचे रुमाल पाहिलेल्यांना थोडी कल्पना येईल. तरुण मुलंमुली तोंडाला फडकी बांधून एकेक कागद झटकत, लावत, छायाचित्रं घेत बसली; कित्येकांचे वडील, काका त्याच काळात नाहीसे झाले होते. त्या कागदांच्या आधारे १९८४ मध्ये पळवलेल्या एका विद्यार्थी-कामगार नेत्याच्या प्रकरणात २०१० साली पोलिसांना शिक्षा झाली. जमीन हिरावणारे कागद आणि वेठीच्या वह्या इतकी वर्षं एकाच बाजूने बोलत आले होते. हे पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांच्या विरुद्ध साक्षीला उभे राहिले.

१० मे २०१३ ला रिओस माँटला वंशसंहाराबद्दल ऐंशी वर्षांची शिक्षा झाली. इशिल बायका डोक्याला पदर घेऊन, आपल्या भाषेत, दुभाषामार्फत कोर्टात बोलल्या होत्या. दहाच दिवसांनी वरच्या न्यायालयाने तांत्रिक कारणावरून निकाल रद्द केला. फेरखटला चालू असताना २०१८ मध्ये तो घरी, अंथरुणात मेला. माझं मत विचाराल तर त्या दहा दिवसांना मी काही नाही म्हणणार नाही. त्या बायकांचं म्हणणं सरकारी कागदावर उतरलं, ते कुणाला खोडता आलेलं नाही.

शांतता करार १९९६ च्या डिसेंबरमध्ये झाला, पण हुकूम ९०० पुन्हा आला नाही. डोंगरातल्या मक्याच्या पट्ट्या पिढीगणिक चिंचोळ्या होत गेल्या आणि तरुण उत्तरेची वाट धरू लागले. तिकडून येणारे डॉलर आता देशाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढे आहेत.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये निवडणूक झाली आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना बेर्नार्दो आरेव्हालो निवडून आले. त्या मास्तर अध्यक्षाचा मुलगा, वडील परागंदा असताना १९५८ मध्ये उरुग्वेत जन्मलेला. सरकारी वकिलांच्या कचेरीने निकाल उलटवायची खटपट सुरू केली, मतपेट्या जप्त केल्या. तेव्हा २ ऑक्टोबरला रस्ते अडवायची हाक दिली ती राजधानीतल्या पक्षांनी नव्हे. ती दिली तोतोनिकापानच्या अठ्ठेचाळीस गावांच्या किचे पंचायतीने, जिथे दोनशे वर्षांपूर्वी आतानासिओ त्झुल उठला होता. इतर माया पंचायतीही आल्या. राजधानीत त्या कचेरीसमोर ते शंभराहून जास्त दिवस बसून राहिले, तिथेच चुली, तिथेच तोर्तिया. जानेवारी २०२४ मध्ये मध्यरात्र उलटून गेल्यावर आरेव्हालोंचा शपथविधी झाला. एप्रिल २०२५ मध्ये त्याच सरकारी वकिलांच्या कचेरीने त्या आंदोलनातल्या दोन पुढाऱ्यांना दहशतवादाच्या आरोपाखाली अटक केली.

तोतोनिकापानचं पाइन वृक्षांचं मोठं जंगल आणि त्यातले झरे अजूनही त्या गावांच्या सामूहिक मालकीचे आहेत. दर वर्षी नवे पंच निवडले जातात. ते वर्षभर बिनपगारी काम करतात, जंगलाची राखण, पाण्याची वाटणी, तंटे, आणि वर्ष संपलं की अधिकाराची काठी पुढच्या माणसाच्या हातात देऊन आपल्या शेतावर परत जातात.